ईडीआयवर माल देताय? मग या चुका टाळा

आपल्याकडच्या डाळ मिला, जिनिंग, संत्र्याचे पॅकहाऊस आता मोठ्या पार्ट्यांना माल देऊ लागलेत आणि अशा पार्टीची ऑर्डर फोनवर येत नाही, ईडीआयनं येते, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमधून ठरलेल्या फॉरमॅटमध्ये सरळ तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. काही अटकलं की पहिला फोन नेटवाल्याले जाते, मग सॉफ्टवेअरवाल्याले. माझं म्हणणं असं आहे की आधी आपलं एक्सेल आणि आलेल्या पावत्या, म्हणजे फाइल मिळाल्याचे समोरच्या कॉम्प्युटरचे निरोप, पाहा, घोळ जास्त करून तिथंच सापडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'सेंट' दिसलं की काम झालं असं धरणं. एएस२ वर, म्हणजे इंटरनेटवरून ईडीआय फाइल पाठवायच्या पद्धतीनं, पाठवलं तर आधी एमडीएन नावाची पोच येते, ती फक्त फाइल पोचल्याचं सांगते. नंतर एक्स१२ वाल्यांकडून (एक्स१२ आणि एडिफॅक्ट हे ईडीआयचे दोन फॉरमॅट) ९९७ नंबरचा मेसेज येतो, एडिफॅक्टवाल्यांकडून कंट्रोल मेसेज, त्यातून कळतं की फाइलची रचना ठीक आहे का. पण भाव, नग, तारीख समोरच्याला मान्य आहे का हे यातलं कोणीच सांगत नाही! म्हणून ९९७ हिरवं दिसत असतानाही बिल अडकते, कारण ऑर्डरमध्ये भाव वेगळा होता, आणि तो निरोप ८२४ (एक्स१२) नाहीतर एपेरॅक (एडिफॅक्ट) मेसेजमध्ये येऊन पडलेला असते पण तो उघडून कोणी पाहतच नाही. ९९७ मध्ये 'ए' म्हणजे मान्य, 'आर' म्हणजे परत, आणि 'ई' म्हणजे चूक होती तरी घेतलं. हे 'ई' सोडून देऊ नका. रोज सकाळी एका माणसानं कालच्या पाठवलेल्या फाइली आणि आलेल्या पावत्या जुळवायच्या, हे काम कोणाचं ते नावानिशी ठरवा.

दुसरं एक्सेल. तूरडाळीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ०७१३, संत्र्याचा ०८०५, पण सीएसव्ही (साध्या मजकुरातली डेटाची फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की पुढचा शून्य गायब, राहते ७१३ आन् ८०५. पेटीवरच्या एसएससीसी, म्हणजे प्रत्येक पेटीच्या वेगळ्या ओळख नंबरचं तर याहून वाईट, तो १८ अंकी असतो, एक्सेल १५ अंकच धरते आणि शेवटचे तीन शून्य करून टाकते, मग वेगवेगळ्या पेट्यांचा नंबर एकच होऊन बसते. कॉलम आधी टेक्स्ट करा, मगच डेटा घ्या.

युनिटचं पाहा. रुईचं आपण बोलतो खंडीत, म्हणजे साधारण ३५६ किलो, गाठ साधारण १७० किलोची, बाजार समितीत क्विंटल. जीएसटीत क्विंटलचा कोड क्यूटीएल, एडिफॅक्टमध्ये डीटीएन. ऑर्डरमधले २०० म्हणजे २०० किलो की २०० कट्टे, हे पहिल्या गाडीआधीच लिहून घ्या.

एक्सपोर्टवाल्यांसाठी आइसगेट, म्हणजे कस्टम्सचं ईडीआय. आयजीएसटी रिफंड (एक्सपोर्टवर भरलेला जीएसटी परत मिळणं) अडकला तर एरर कोड वाचा. एसबी००५ म्हणजे शिपिंग बिलातला (कस्टम्सला दिलेला एक्सपोर्टचा कागद) आणि जीएसटीआर-१ मधला (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न) इन्व्हॉइस नंबर जुळत नाही, एकीकडे '००७' आणि दुसरीकडे '७' एवढ्यानंही होते. एसबी००३ म्हणजे जीएसटीआयएन, तुमचा जीएसटी नंबर, वेगळा. एसबी००६ मात्र तुमच्या कागदातली चूक नाही, माल नागपूरच्या आयसीडीतून, म्हणजे आतल्या कस्टम्स डेपोतून, न्हावाशेवा बंदराला गेला पण तिथलं गेटवे ईजीएम, म्हणजे माल जहाजानं बाहेर गेल्याची नोंद, सिस्टिममध्ये नाही, तेव्हा सीएला धारेवर धरून काहीच होणार नाही, शिपिंग लाइनच्या मागे लागा.

एका पार्टीचं मॅपिंग, म्हणजे आपली कोणती माहिती त्यांच्या फाइलमध्ये कुठं बसते ती जुळणी, दुसरीला चिकटवू नका. गाडीचे पार्ट घेणाऱ्या कंपन्यांना ट्रक गेटवर पोचायच्या आत ८५६, म्हणजे एएसएन (माल येत असल्याची आगाऊ सूचना) लागते, किराणा चेनवाले पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर आणि बारकोडवर अडतात. मेसेजचा नंबर तोच असला तरी व्हर्जन आणि नियम प्रत्येकाचे वेगळे, त्यांची गाइड मागून घ्या अन् टेस्ट फाइल पास झाल्याशिवाय खरा माल लोड करू नका.

आणि लाइन गेली तेव्हा! फाइल गेली की नाही कळत नाही म्हणून लोक नवीन कंट्रोल नंबरनं (फाइलच्या आतला तिचा क्रमांक) दुसरी बनवून पाठवतात, मग समोर एकाच गाडीचे दोन एएसएन चढतात. आधी पावती आली का ते पाहा, नसेल तर तीच फाइल त्याच नंबरानं पाठवा. एएस२ चं सर्टिफिकेट कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, नवीन सर्टिफिकेट पार्टीला आधीच द्या आणि दोन्हीकडं एकाच वेळी बदला, शनिवारी संध्याकाळी नका बदलू, तिकडं फोन उचलायला कोणी नसते.