जॉर्डनच्या वाळवंटी किल्ल्यांना निघण्याआधी

विमानाचं तिकीट काढण्याआधी महिना ठरवा. मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, एवढाच काळ धरा. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या वाळवंटात दुपारी बाहेर उभं राहवत नाही आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हाडं गोठवतात. रमजान कधी आहे तेही बघून ठेवा, कारण त्या महिन्यात स्थळं लवकर बंद होतात आणि दिवसा खायला मिळणं अवघड होतं. आठवड्याची सुट्टी तिथे शुक्रवार-शनिवार असते.

मग जॉर्डन पास. तो पोहोचण्याआधीच ऑनलाइन काढायचा असतो. किमान तीन रात्री देशात राहणार असाल तर व्हिसाचं शुल्क माफ होतं, शिवाय पेट्रा, कराक आणि शोबकचे किल्ले आणि पूर्वेचे वाळवंटी किल्ले त्यातच येतात. राखीव क्षेत्रांतल्या वाटा, वाटाडे आणि मुक्काम यांचं बुकिंग मात्र वेगळं. ते काम रॉयल सोसायटी फॉर द कॉन्झर्वेशन ऑफ नेचर ही 1966 पासूनची संस्था बघते. तिच्याकडे आधीच नोंदणी करा, आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका.

नकाशा घेऊन बसलात की किल्ले एका दिवशी आणि निसर्ग दुसऱ्या दिवशी अशी वाटणी करायचा मोह होतो. ती करू नका, असं मी आग्रहानं सांगेन. इथे दोन्हींचं मूळ पाण्यात आहे. आपण सह्याद्रीत गड चढतो ते अवघड डोंगरावर. पूर्व जॉर्डनमधल्या या वास्तू सपाटीवर दिसतात, आणि त्यांतल्या कितीतरी पाण्याच्या आधारानं उभ्या आहेत. अम्मानहून पूर्वेला निघालात की आधी कसर खराना लागतो (कसर म्हणजे किल्ला किंवा महाल), मग कसर अम्रा आणि सुमारे शंभर किलोमीटरवर अझराक. तिन्ही एकाच रस्त्यावर. बसचा भरवसा नाही, तेव्हा गाडी भाड्याने घ्या किंवा अम्मानहून चालकासह ठरवा. गाडी स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं असतं.

अम्रासाठी वेळ राखून ठेवा. बाहेरून तो अगदीच छोटा वाटतो आणि लोक दहा मिनिटांत फोटो काढून निघतात, याचं मला फार वाईट वाटतं. आठव्या शतकातलं हे उमय्यद या अरब राजघराण्यातल्या राजपुत्र वलीद इब्न यझीदचं विश्रामगृह आणि हमामखाना. 1985 पासून जागतिक वारशाच्या यादीत. बाहेर खोल विहीर आहे आणि जनावर जुंपून पाणी ओढण्याची जागाही दिसते. आत भिंतीभर चित्रं: शिकारी रानगाढवांना जाळ्याकडे पिटाळताहेत, कारागीर कामात आहेत, एक अस्वल चक्क तंतुवाद्य वाजवतंय. गरम पाण्याच्या खोलीच्या घुमटात राशी-नक्षत्रांचं आकाश रंगवलेलं आहे. उन्हातून आत शिरल्यावर सुरुवातीला काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत थांबा. फ्लॅश बंद ठेवा. आणि दुर्बीण आणाच! छतावरचे बारकावे तिनेच दिसतात, आणि तीच दुर्बीण तासाभराने अझराकच्या पाणथळीत पक्ष्यांसाठी लागते.

अझराकचा किल्ला काळ्या बसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या दगडाचा. त्याची दारंसुद्धा दगडाची, अखंड फळ्यांची, आणि ती अजून फिरतात. 1917 च्या हिवाळ्यात टी. ई. लॉरेन्सचा, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चा, तळ इथे होता. तिथून पाणथळ राखीव क्षेत्र जवळच आहे. शहरांसाठी बेसुमार उपसा झाला आणि 1992 च्या सुमारास इथले झरे आटले. आज दिसतं ते पंपाने पाणी परत आणून राखलेलं थोडंसं क्षेत्र. अझराक किलिफिश हा चिमुकला मासा जगात फक्त इथेच नैसर्गिकरीत्या सापडतो. लाकडी वाटेवरूनच चाला. जवळच्या शौमारी राखीव क्षेत्रात 1978 साली अरबी ओरिक्स ही लांब शिंगांची हरणं परत आणली गेली. ती बघायची तर सकाळची सफारी आधी ठरवा. मुक्काम अझराकच्या लॉजमध्ये करता आला तर उत्तम. 1940 च्या दशकातल्या ब्रिटिश लष्करी इस्पितळाच्या इमारतीत ते आहे आणि जेवण तिथे स्थायिक झालेल्या चेचेन कुटुंबांच्या हातचं मिळतं.

बॅगेत टोपी, पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, डोक्याला गुंडाळायला मोठा सुती रुमाल, सनस्क्रीन, ओआरएसची पाकिटं आणि माणशी दिवसाला किमान तीन लिटर पाणी. रोख दिनार जवळ ठेवा. शाकाहारींची आबाळ होत नाही: हुमूस, फलाफल, फूल (फावा बियांची उसळ), चक्क्यासारखं लबने आणि गरम रोटी सगळीकडे मिळते. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीशिवाय कस्टममध्ये जप्त होतो.

दक्षिणेला जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी. मृत समुद्राला मिळणाऱ्या मुजिबच्या घळीतली पाण्यातली वाट फक्त उबदार महिन्यांत उघडी असते आणि पुराची शक्यता दिसली की बंद करतात. बंद म्हणजे बंद, वाद घालू नका; ऑक्टोबर 2018 मध्ये मृत समुद्राजवळ अचानक आलेल्या पुरात वीसहून अधिक जीव गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं होती. आकाश निरभ्र असलं तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस घळीतून येतो, म्हणून कुठल्याही वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या दरीत, उतरण्याआधी स्थानिकांना विचारा. दुसरी गोष्ट टॉर्चची. 1115 साली जेरुसलेमचा क्रुसेडर राजा पहिला बाल्डविन याने बांधलेल्या शोबक किल्ल्याच्या पोटातून पाण्यापर्यंत काळोखा बोगदा उतरतो, शेकडो झिजलेल्या पायऱ्यांचा. मोबाइलच्या उजेडावर तिथे उतरू नका. हात मोकळे राहतील असा डोक्याला बांधायचा दिवा घ्या. दाना हे राखीव क्षेत्र तिथून जवळच आहे, पण तिथलं गाव उंचावर आहे, म्हणून एक स्वेटर वरच्या कप्प्यात ठेवा.