सेकंडहॅंड एसयूव्ही घेताय? वॉरंटीच्या बाबतीत या चुका टाळा

‘गाडी अजून वॉरंटीत आहे’ असं विकणारा म्हणाला की आपण निम्मी तपासणी तिथंच सोडून देतो. वॉरंटी मोजतात ती गाडी पहिल्या मालकाने घेतली त्या तारखेपासून. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी भरेल, तिथं ती संपते. अट ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची असेल आणि गाडी दोनच वर्षांत ९८ हजार पळालेली असेल, तर तुमच्या वाट्याला उरतात २ हजार किलोमीटर. दोन लांबच्या सहलींत खलास!

एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जादा पैसे भरून वाढवलेली वॉरंटीही आपोआप नवीन मालकाच्या नावावर होईलच असं नाही. बहुतेक वेळा मुदतीत अर्ज करावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. वॉरंटी कधीपर्यंत आहे, सर्व्हिसिंग वेळेवर झालं का, एखादा रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) बाकी आहे का, हे तिथंच कळेल.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार असू द्या. आधीच गरम करून ठेवलेली दिसली तर परत या, कारण सकाळचा पहिला खडखडाट गरम इंजिन लपवतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या, पण ‘एकही कोड नाही’ एवढ्यावर खूश होऊ नका. गाडी स्वतःच करते त्या बऱ्याच तपासण्या स्कॅनरवर ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. आणि घरची माणसं मागच्या रांगेत बसवून एसी लावा. तिथं गार हवा पोचते का ते त्यांनाच विचारा.

गाडी घेतल्यावर वॉरंटीत काम करून घेताना खरा घोळ होतो तो जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले तुमची तक्रार लिहून घेतात त्या कागदावर. ‘आवाज येतो’ एवढंच सांगितलंत की ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळे होतात. ‘६० च्या पुढे पुढच्या चाकातून घूं घूं येतं, डावीकडे वळताना वाढतं’ असं सांगितलंत, तर मेकॅनिक थेट उजव्या चाकाच्या बेअरिंगकडे वळेल. जमलं तर त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. दोष सापडला नाही तरी तक्रार, तारीख आणि किलोमीटर कार्डवर लिहूनच घ्या. मी एकदा ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ हे तोंडी ऐकून परतलो. पुढचं सर्व्हिसिंग आलं तोवर वॉरंटी संपली होती आणि बिल माझं.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांच्या नेहमीच्या झिजेवर वाद घालू नका, ती वॉरंटीत सहसा नसते. बिघडलेला भाग आधी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडून घेऊ नका. तापमानाचा लाल दिवा लागल्यावर ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणत गाडी दामटलीत, तर पुढचं नुकसान तुमच्याच माथी मारलं जाऊ शकतं.

क्लेम नाकारलाच, तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. तोंडी दिलेला नकार कागदावर उतरवताना बऱ्याचदा बदलतो.