विम्याच्या पॅनेलवर जायचंय? आधी हे कागद काढून ठेवा

लायसन्स हातात आलं की वाटतं, सुटलो एकदाचे. पण अमेरिकेत थेरपीची स्वतःची प्रॅक्टिस विम्यावर चालवायची तर त्यापुढे क्रेडेन्शियलिंग उभं असतं. तुमचं शिक्षण, लायसन्स, अनुभव विमा कंपनी स्वतः पडताळते आणि मगच पॅनेलवर, म्हणजे तिच्या मान्य थेरपिस्टच्या यादीत, घेते. याला तीन-चार महिने सहज जातात. म्हणून ऑफिसचं भाडं सुरू व्हायच्या आधी ही जमवाजमव करा. लायसन्स मात्र स्वतंत्र प्रॅक्टिसचं हवं. सुपरव्हिजनखालच्या लायसन्सवर बहुतेक कंपन्या अर्जच घेत नाहीत.

सगळ्यात आधी स्वतःचं नाव तपासा. हसू नका, माझं घोडं इथेच अडलं होतं. पदवी माहेरच्या नावाने, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. लायसन्सवर मधलं नावच नाही, आणि मॅलप्रॅक्टिस विम्याच्या (कामातल्या चुकीवरून दावा झाला तर उपयोगी पडणाऱ्या) कागदावर नुसतं एक आद्याक्षर, तेही वडिलांचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटणार नाही, पण त्या कंपनीच्या लेखी या तीन वेगळ्या बायका होत्या. सात आठवडे वाट पाहून फोन केला तेव्हा कळलं की फाइल केव्हाच बंद झाली. तेव्हा लायसन्सवर जे नाव आहे तेच, अक्षर न अक्षर, पुढच्या प्रत्येक कागदावर घ्या. जुनं नाव ‘इतर नावं’ या रकान्यात लिहा आणि मॅरेज सर्टिफिकेट स्कॅन करून ठेवा.

मग एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक. हा दहा आकडी नंबर सरकारच्या साइटवर फुकट मिळतो, तो काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली असेल तर तिचा दुसऱ्या प्रकारचा, वेगळा एनपीआय घेता येतो. अर्जात टॅक्सॉनॉमी कोड, म्हणजे तुमच्या कामाच्या प्रकाराचा कोड, विचारतात; तो तुमच्या लायसन्सशी जुळणारा निवडा, क्लिनिकल सोशल वर्करचा वेगळा, काउन्सेलरचा वेगळा. आणि एक लक्षात ठेवा, इथे दिलेला प्रॅक्टिसचा पत्ता आणि फोन कुणालाही दिसतो. घरून टेलिहेल्थ करणाऱ्यांनी स्वयंपाकघराचा पत्ता जगजाहीर करायचा की नाही, हे आधीच ठरवावं.

टॅक्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर चालतो, पण डब्ल्यू-९ फॉर्म (पैसे देणाऱ्याला तुमचा टॅक्स नंबर कळवणारा) पुढे दहा ठिकाणी फिरणार असतो, म्हणून आयआरएसकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून, ईआयएन हा धंद्याचा वेगळा टॅक्स नंबर घ्या. तोही फुकट आहे. नंबर देताना आयआरएस जे पत्र देते ते जपून ठेवा, डब्ल्यू-९ वरचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. मॅलप्रॅक्टिस विमा सहसा एका घटनेला दहा लाख डॉलर आणि वर्षाला एकूण तीस लाख, एवढा मागतात. त्याच्या तारखा भरताना आपली सवय सोडा: इथे महिना आधी, दिवस नंतर. ४ जुलैला सुरू झालेली पॉलिसी तुम्ही सवयीने ०४/०७ लिहिलीत, तर ती त्यांच्या हिशेबी ७ एप्रिलची होते.

आता सीएक्यूएच. बहुतेक कंपन्या तुमची माहिती याच पोर्टलवरून उचलतात, त्यामुळे हे एका बैठकीत उरकायच्या भानगडीत पडू नका. कामाचा इतिहास निदान मागच्या पाच वर्षांचा लागतो, प्रत्येक नोकरीचा महिना आणि वर्ष धरून. सहा महिन्यांपेक्षा मोठी पोकळी दिसली की खुलासा मागतात, वर्षापेक्षा मोठी असेल तर लेखी. आपल्यातल्या कितीतरी जणी इथे कचरतात, कारण जोडीदाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर घरी काढलेली वर्षं असतात, बाळंतपण असतं, सासूबाईंच्या आजारपणात पुण्याला काढलेले आठ महिने असतात. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. ‘अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत व्हिसामुळे काम करण्याची परवानगी नव्हती’ एवढं एक वाक्य पुरतं. कहाणी लिहू नका, आणि पोकळी झाकायला नसलेली नोकरी तर मुळीच लिहू नका. भाषांच्या रकान्यात मराठी आणि हिंदी आठवणीने भरा. माझ्या पहिल्या क्लायंट आजी तेवढ्यावरूनच सापडल्या. त्यांच्या सुनेने विम्याच्या यादीत मराठी बोलणारी बाई शोधली होती.

शेवटी कंपन्यांना माहिती बघायची परवानगी द्या आणि अटेस्टेशन करा, म्हणजे माहिती खरी आणि ताजी असल्याचं जाहीर करा. हे बहुतेक राज्यांत दर १२० दिवसांनी पुन्हा करावं लागतं. मी ११० व्या दिवसाचा अलार्म लावते.

सुरुवातीला दोन-तीनच कंपन्या धरा. आसपासच्या लोकांच्या पाकिटात कोणती कार्डं आहेत ते विचारा. मानसिक आरोग्याचं काम बऱ्याचदा वेगळ्या नावाची शाखा बघते, जसं युनायटेडचं ऑप्टम. पॅनेल बंद असेल तर तुमच्या भाषा आणि संध्याकाळच्या वेळा सांगून फेरविचार मागा, कधीकधी दार उघडतं. मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, अर्ज वेगळा, पेकॉस या त्यांच्या पोर्टलवर. १ जानेवारी २०२४ पासून मेंटल हेल्थ काउन्सेलर आणि मॅरेज-फॅमिली थेरपिस्टनाही तिथे प्रवेश आहे.

अर्ज गेला की रेफरन्स नंबर वहीत लिहा. दर दोन आठवड्यांनी फोन करा आणि कोण बोललं, काय म्हणालं, तारखेसह टिपा. ‘अप्रूव्ह झालं’ ऐकून पेढे वाटू नका, करार अजून यायचाय. त्यात ९०८३४ आणि ९०८३७ या सेशनच्या कोडना किती पैसे मिळणार आणि क्लेम किती दिवसांत पाठवायचा, हे सही करायच्या आधी बघा. सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे इफेक्टिव्ह डेट, ज्या दिवसापासून तुम्ही पॅनेलवर धरल्या जाता. तिच्या आदल्या दिवशी घेतलेल्या सेशनचे पैसे इन-नेटवर्क (पॅनेलवरच्या थेरपिस्ट) म्हणून सहसा मिळत नाहीत, आणि ते क्लेम मैत्रिणीच्या एनपीआयवर टाकणं ही फसवणूक आहे, मैत्रीण कितीही चांगली असली तरी. तारीख लेखी मागून घ्या, पैसे थेट खात्यात जमा व्हायचा फॉर्म त्याच दिवशी भरा, आणि मगच पहिली अपॉइंटमेंट द्या.