तागालोग वाक्य बांधताना: आधी क्रियापद, मग ‘आङ’

फिलिपिन्समधील तागालोग शिकताना मराठी माणसाने क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय आधी सोडावी, कारण तिथे वाक्य सहसा क्रियापदानेच सुरू होते. ‘मुलाने आंबा खाल्ला’ हे वाक्य ‘कुमाइन नाङ माङ्गा आङ बाता’ असे होते. यातील ‘बाता’ म्हणजे मूल आणि ‘माङ्गा’ म्हणजे आंबा. आपले विभक्तिप्रत्यय नामाच्या मागून लागतात, तिथे मात्र ‘आङ’, ‘नाङ’ आणि ‘सा’ हे खुणेचे शब्द नामाच्या आधी येतात. व्यक्तीचे नाव असेल, तर त्यांच्या जागी अनुक्रमे ‘सि’, ‘नि’ आणि ‘काय’ वापरावेत.

खरी मेहनत ‘आङ’वर घ्यावी लागते. ते कोणत्या नामाला मिळणार, हे क्रियापदाचे रूप ठरवते. ‘काइन’ या धातूच्या पोटात ‘उम’ घातला की ‘कुमाइन’ होते आणि ‘आङ’ खाणाऱ्याला मिळते. ‘इन’ घातला की ‘किनाइन नाङ बाता आङ माङ्गा’ असे वाक्य होऊन ‘आङ’ आंब्याकडे जाते. या दुसऱ्या रचनेला कर्मवाच्य समजून बाजूला ठेवू नये, कारण बोलण्यात ती अगदी रोजची आहे. पहिल्या वाक्यातला आंबा कुठलाही असू शकतो, दुसऱ्यातला मात्र ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला, ‘तो’ आंबा असतो. सरावासाठी प्रश्न करून पाहावेत: ‘कोणी खाल्ला?’ याला ‘सिनो आङ कुमाइन?’, पण ‘मुलाने काय खाल्ले?’ याला ‘आनो आङ किनाइन नाङ बाता?’ असेच विचारावे लागते. इथे ‘कुमाइन’ चालत नाही.

क्रियापदाच्या रूपावरून काळापेक्षा क्रियेची अवस्था कळते. ‘कुमाइन’ म्हणजे खाऊन झाले, ‘कुमाकाइन’ म्हणजे खाणे चालू आहे किंवा नेहमीचे आहे, आणि ‘काकाइन’ म्हणजे खायचे अजून बाकी आहे.

‘आको’ (मी) यासारखी छोटी सर्वनामे वाक्यात दुसरी जागा धरून बसतात. ‘मी खाल्ले’ हे ‘कुमाइन आको’ होते. पण नकारार्थी शब्द, जो योगायोगाने ‘हिंदी’ असा उच्चारला जातो, पुढे आला की ‘हिंदी आको कुमाइन’ असे म्हणावे लागते.

एका गोष्टीत मात्र मराठी माणसाला घरच्यासारखे वाटेल. ऐकणाऱ्याला धरून ‘तायो’ आणि त्याला वगळून ‘कामि’ हा भेद आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’चाच आहे: ‘काकाइन तायो’ म्हणजे आपण जेवणार, ‘काकाइन कामि’ म्हणजे आम्ही जेवणार.