पिस्टन-सिलिंडरच्या गणितात थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम कसा लावायचा

फॉर्म्युल्यावर उडी मारायच्या आधी सिस्टिम कोणती ते ठरवा, आपली सिस्टिम म्हणजे फक्त आतला गॅस, पिस्टन नाही, भिंतीही नाहीत. गॅस आत-बाहेर होत नाहीये, म्हणून नियम साधा: डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू. डेल्टा यू म्हणजे गॅसच्या आंतरिक ऊर्जेतला बदल, क्यू म्हणजे गॅसला मिळालेली उष्णता, डब्ल्यू म्हणजे गॅसने केलेलं काम. केमिस्ट्रीवाले गॅसवर झालेलं काम धरतात म्हणून त्यांच्याकडे अधिकचं चिन्ह असतं, दोन्ही पद्धती एकाच गणितात मिसळू नका बस.

मग पिस्टन काय करतोय ते बघा. लॉक असेल तर काम शून्य, विषय संपला. मोकळा असेल, वर ठराविक वजन असेल आणि गॅस हळूहळू तापत असेल तर दाब कायम राहतो, आणि तो असतो वातावरणाचा दाब अधिक (पिस्टन-वजनाचा भार भागिले क्षेत्रफळ). गेजचं रीडिंग दिलं असेल तर त्यातही वातावरणाचा दाब मिळवायचा, इथे भरपूर मार्क जातात.

आता समजा हवा आहे, दाब 200 किलोपास्कल कायम, आकारमान 0.02 वरून 0.03 घनमीटर, सुरुवातीचं तापमान 300 केल्विन. काम = 200 × 0.01 = 2 किलोज्यूल. दाब तोच आणि आकारमान दीडपट, म्हणजे तापमान 450 केल्विन. आता डेल्टा यू, आणि खरी गडबड इथेच होते: दाब कायम दिसला की लोक सीपी (दाब कायम असतानाची विशिष्ट उष्णता) लावून मोकळे होतात. अहो, आयडियल गॅसची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते, त्यामुळे डेल्टा यूला कायम सीव्हीच (आकारमान कायम असतानाची विशिष्ट उष्णता), प्रोसेस कुठलीही असो. वस्तुमान दिलं नाही म्हणून अडायचं कारण नाही, हवेचा मोलमागे सीव्ही साधारण अडीच आर (आर म्हणजे वायू स्थिरांक), आणि दाब × आकारमान = मोल × आर × तापमान, म्हणून डेल्टा यू = 2.5 × दाब-आकारमान गुणाकारातला फरक = 2.5 × 2 = 5. मग क्यू = 5 + 2 = 7 किलोज्यूल. सीपीने (साडेतीन आर) थेट क्यू काढला तरी 3.5 × 2 = 7 च येतं, ताळा म्हणून वापरा.

हीच हवा तितकीच पसरली पण तापमान कायम ठेवलं तर डेल्टा यू शून्य, क्यू आणि डब्ल्यू सारखेच, 4 × लॉग 1.5 (4 म्हणजे सुरुवातीचा दाब × आकारमान, 200 × 0.02; 1.5 म्हणजे आकारमान किती पट झालं) म्हणजे साधारण 1.62 किलोज्यूल (लॉग नॅचरल घ्या, दहाचा नको). आणि उष्णता अजिबात येऊ दिली नाही, हळूहळू पसरू दिलं, तर काम आतल्या ऊर्जेतूनच होतं, साधारण 1.5 किलोज्यूल, आणि तापमान 255 केल्विनपर्यंत उतरतं. गॅस असा पसरूनही डब्ल्यू मायनस आला तर चिन्ह कुठेतरी उलटं पडलंय, पुन्हा वरून बघा.