फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये बर्फ साचत असेल, तर वितळवण्याआधी त्याची जागा पाहा

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ तयारच होत नाही, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो रोज तयार होतो आणि वेळच्या वेळी वितळवला जातो. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड गार होणाऱ्या नळीची कॉइल असते, पंखा तिच्यावरून हवा खेळवतो आणि हवेतली वाफ तिच्यावर दंवासारखी गोठते. कॉम्प्रेसर साधारण 8 ते 12 तास चालला की टायमर किंवा बोर्ड त्याला थांबवून कॉइलजवळचा हीटर काही मिनिटे सुरू करतो. वितळलेले पाणी नळीतून मागे, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. तेव्हा डोळ्यांना दिसेल इतका बर्फ साचला, तर एक तर या साखळीतले काहीतरी बंद पडले आहे किंवा बाहेरची ओल प्रमाणाबाहेर आत येते आहे.

परभणीला आमच्याकडे हा प्रकार प्रथम झाला, तेव्हा आईने संक्रांतीनंतर भरून ठेवलेल्या हुरड्याच्या पिशव्या मागच्या भिंतीला चिकटून त्यांची एकच लादी झाली होती. आलेल्या मेकॅनिकने सगळा बर्फ वितळवला, ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरला आणि दहाव्या दिवशी भिंत पुन्हा पांढरी झाली. दोष गॅसचा नव्हताच. बर्फ कुठे आणि कसा साचला होता, हे कोणी नीट पाहिले नव्हते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे, की फ्रीज बंद करण्यापूर्वी मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवावा.

बर्फ मागच्या पॅनेलवर सर्वत्र सारखा पसरला असेल आणि खालच्या कप्प्यात दूध नासू लागले असेल, तर हीटरची यंत्रणा चालत नाही, असे समजावे. फ्रीजरच्या तळाशी काचेसारखी लादी आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. दाराच्या कडेने भुसभुशीत, पांढरे दंव असेल, तर दाराचे रबर हवा सोडते आहे. गॅस खरोखर कमी असेल, तर पॅनेल काढल्यावर कॉइलच्या एकाच टोकाला बर्फाचा गोळा आणि बाकीची कॉइल कोरडी दिसते. हे दाखवल्याशिवाय गॅस भरू देऊ नये.

रबराची परीक्षा सोपी आहे. दहाची नोट दारात धरून दार लावावे आणि ओढावी. ती जिथे सहज निसटते, तिथे फट आहे. कोमट साबणपाण्याने रबराच्या चुण्यांमधले पीठ आणि तेलकटपणा काढल्यावर बऱ्याचदा काम होते. रबर वाकडे झाले असेल तर हेअर ड्रायरची सौम्य ऊब देऊन बोटांनी सरळ करावे, फाटले असेल तर बदलावे. मराठवाड्यात इथे एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे किरकोळ फट मे महिन्यातही खपून जायला हवी. पण त्याच दिवसांत घरात पाण्याचा कूलर चालतो आणि तो खोलीची हवा ओली करतो. कूलरचा झोत फ्रीजच्या दारावर येत असेल, तर आधी दोघांतला एक हलवावा.

निचऱ्याच्या नळीत क्षार साचत नाही, कारण ते पाणी हवेतल्या वाफेचे असते, बोअरचे नव्हे. तिथे अडकते ती कोथिंबिरीची काडी, नाहीतर पिशवीचा तुकडा. बर्फ पूर्ण वितळल्यावर भोकात सिरिंजने कोमट पाणी सोडावे आणि ते मागच्या ट्रेमध्ये पडते का, हे पाहावे.

वितळवताना प्लग काढून दोन्ही दारे उघडी ठेवावीत, खाली जुने टॉवेल अंथरावेत आणि पूर्ण एक दिवस थांबावे. सुरी, उलथणे किंवा पेचकस चालवू नये: कॉइलची नळी ॲल्युमिनियमची असते, एका टोच्याने फुटते आणि आजच्या अनेक फ्रीजमधला आर-600ए हा गॅस ज्वालाग्राही असतो.

त्यानंतर फ्रीज सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत मागची भिंत पुन्हा गोठली, तर हीटर, थर्मल फ्यूज (उष्णता फार वाढल्यास हीटरची वीज कायमची तोडणारा), बायमेटल (गारव्यात जोडला जाणारा आणि ऊब आल्यावर तुटणारा स्विच) आणि टायमर हे चार भाग तपासावे लागतात. मल्टीमीटर वापरण्याचा सराव असेल तरच, आणि प्लग काढूनच, हे करावे. 150 वॅटच्या हीटरचा रोध सुमारे 350 ओहम येतो; काहीच आकडा आला नाही, तर तो जळाला आहे. फ्यूज नेहमी जोडलेला दाखवला पाहिजे. बायमेटलबाबत मात्र अनेक जण फसतात. तो खोलीच्या तापमानाला तुटलेला दाखवतो आणि हा त्याचा दोष नाही. मीठ घातलेल्या बर्फात, पिशवीत बांधून, काही वेळ ठेवल्यावरही जोडला गेला नाही, तरच तो खराब आहे. आमच्याकडे उडालेला होता तो फ्यूज. त्याच्या दोन तारा थेट जोडून काम भागवण्याचा सल्ला मिळाला, तर कृपया ऐकू नये. हीटर बंद झाला नाही तर आतले प्लास्टिक वितळते आणि आग लागू शकते.

सगळे भाग चांगले असूनही बर्फ राहत असेल, तर रात्रीचे व्होल्टेज मोजावे. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर ती 61 टक्क्यांवर येते. ठरलेल्या मिनिटांत बर्फ अर्धवटच वितळतो आणि उरलेल्यावर नवा थर चढतो. गावाकडे, मोटारी चालू असताना, हे वारंवार घडते; तिथे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर हाच उपाय ठरतो.

पॅनेल परत बसवताना त्याच्या कडेचा फोम आणि अर्थिंगची तार जागच्या जागी लावावी, हवेच्या जाळीपुढे चार बोटे मोकळी सोडावीत आणि पिशव्या दुसऱ्या दिवशी, फ्रीजर उणे 18 अंशांपर्यंत उतरल्यावरच, आत ठेवाव्यात.