रस्त्यावरच्या संगीत महोत्सवाला पहिल्यांदा जाताना

वस्तीतल्या संगीत महोत्सवात एकाच वेळी अनेक कोपऱ्यांवर गायन-वादन चालू असते, त्यामुळे सगळे ऐकण्याचा हट्ट नवख्याने सुरुवातीलाच सोडावा. कार्यक्रमपत्रिका आदल्या दिवशी पाहून दोन-तीन कलाकार निश्चित करावेत आणि उरलेला वेळ मोकळा ठेवावा. अवचित कानावर पडलेल्या सुरांमागे जाण्यातच खरी गंमत असते, असे माझे मत आहे.

ध्वनिवर्धकाच्या अगदी समोर मात्र उभे राहू नये. ८५ डेसिबलचा आवाज साधारण ८ तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, पण आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होत असल्याने १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटांवर येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मागे सरकणे हा सर्वांत सोपा (आणि फुकटचा) उपाय आहे.

रस्ते बहुधा वाहनांसाठी बंद असतात, तेव्हा शक्यतो पायीच जावे. वादकासमोर टोपी किंवा वाद्याची पेटी उघडी ठेवलेली दिसल्यास वादन संपल्यावर तीत पैसे टाकावेत. ज्यांच्या दारात हे सारे घडते, त्या रहिवाशांच्या पायऱ्या आणि फाटके अडवू नयेत.